पहिल्या मिनिटाचे गुण : डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार

श्वसनाचा धडा चालू असला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : आईच्या पोटात बाळ श्वास कसा घेते? खरे उत्तर असे की ते आपल्यासारखा श्वास घेतच नाही. त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या वाटेने मिळतो. बाळ जन्मले की ती वाट बंद होते आणि फुप्फुसांना ताबडतोब कामाला लागावे लागते. ही घटका फार नाजूक. ज्या बाईंनी जगभरच्या डॉक्टरांना या घटकेकडे नीट बघायला लावले, त्यांचे चरित्र या अंकात आम्ही देत आहोत. त्यांचे नाव पुष्कळ पालकांच्या घरी मुलांच्या जन्माच्या कागदांत आहे, पण ते कुणा व्यक्तीचे नाव आहे हे सहसा ठाऊक नसते.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड या गावी झाला. वडील विमा कंपनीत होते, पण घरी दुर्बिणी आणि यंत्रे यांत रमत. घरात संगीतही होते. व्हर्जिनिया लहानपणापासून व्हायोलिन वाजवीत. आजारपणही या घराच्या ओळखीचे होते. थोरला भाऊ क्षयाने बालपणीच गेला. आपण डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी शाळेतच ठरवले होते.

पैसा मात्र नव्हता. माउंट होलिओक कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना त्यांनी फुटकळ कामे करून खर्च भागवला. त्यांतले एक काम प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणण्याचे होते! १९२९ साली त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि काही आठवड्यांतच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. नव्वदएक विद्यार्थ्यांच्या वर्गात मुली अवघ्या नऊ. १९३३ मध्ये त्या चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, डोक्यावर कर्ज घेऊन.

त्यांना सर्जन व्हायचे होते. त्यांचे वरिष्ठ डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. बाईमाणसाला सर्जन म्हणून पोट भरणे कठीण जाईल, त्यापेक्षा भूल देण्याचे शास्त्र शिका, असा त्यांचा सल्ला होता. त्या काळी भूल देणे हे बहुधा परिचारिकांचे काम समजले जाई आणि डॉक्टर त्याकडे वळत नसत. त्यांनी सल्ला मानला. १९३८ साली कोलंबियाच्या रुग्णालयात त्या भूल विभागाच्या प्रमुख झाल्या आणि कितीतरी वर्षे हा विभाग त्यांनी जवळजवळ एकटीने ओढला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तेव्हा खातेप्रमुखाची खुर्ची एका पुरुष सहकाऱ्याला गेली. अ‍ॅपगारबाई प्राध्यापक झाल्या. त्या महाविद्यालयातील पूर्ण प्राध्यापकपद मिळवणारी ती पहिली स्त्री. आमच्या मते हा अन्यायच होता. पण प्रशासनाच्या फायलींतून सुटका झाली आणि त्या प्रसूतिकक्षात जाऊन उभ्या राहिल्या, हेही खरे.

तिथे त्यांना काय दिसले हे कळण्यासाठी फुप्फुसांची थोडी माहिती हवी. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना अन्ननलिकेच्या प्राथमिक नळीतून एक लहानसा कोंब फुटतो. त्याला फांद्या फुटत जातात आणि सुमारे सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत श्वासनलिकांचे झाड तयार होते. पाने, म्हणजे हवेच्या पिशव्या, मात्र पुष्कळ उशिरा येतात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास या पिशव्यांत साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ बनू लागतो. तो नसेल तर श्वास सोडताना ओल्या पिशव्या एकमेकींना चिकटून मिटून जातात. पुरेसा साठा व्हायला पस्तिसावा आठवडा उजाडतो. पोटात असताना बाळ छाती हलवून श्वासाचा सराव करते, पण फुप्फुसांत हवा नसते. फुप्फुसांनीच पाझरवलेले पाणी असते. जन्म होताच ते पाणी शोषले जाऊन तिथे हवा जावी लागते आणि आजवर फुप्फुसांना टाळून जाणारे रक्त तिकडे वळावे लागते. हे सारे काही क्षणांत सुरू होते.

कधी ते सुरू होत नाही. मग बाळ निळे, लुळे, गप्प पडून राहते. त्या काळी प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष आईकडे असे आणि अशा बाळाकडे बघण्याची ठरलेली पद्धत नव्हती. जे बाळ थोड्या मदतीने वाचले असते, तेही अशक्त म्हणून सोडून दिले जाई. १९४९ साली एका सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की नवजात बाळाची तपासणी कशी करावी. त्यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहिल्या आणि लगेच प्रसूतिकक्षाकडे धाव घेतली, असे सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. वेळ जन्मानंतर बरोबर एक मिनिट. पुढे पाचव्या मिनिटाची तपासणीही जोडली गेली. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत परिषदेत मांडली, १९५३ मध्ये ती छापून आली. गुण कोणी द्यावेत? ज्याने प्रसूती केली त्याने नव्हे, असा त्यांचा आग्रह होता, कारण आपल्या हातून झालेल्या कामाला माणूस नकळत जास्त गुण देतो. शिक्षकांना हे समजावून सांगायला नको!

पुढे डॉ. डंकन हॉलाडे आणि डॉ. स्टॅन्ली जेम्स यांच्याबरोबर त्यांनी बाळांच्या रक्तातील वायू मोजले. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात खरोखरच प्राणवायू कमी होता. सायक्लोप्रोपेन नावाचा भुलीचा वायू आईला दिला की बाळ मंद जन्मते, हेही निघाले. हा वायू बाईंच्या विशेष आवडीचा होता. पुरावा पाहताच त्यांनी तो सोडून दिला.

१९६० नंतरच्या काळात डेन्व्हरचे डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत पाचही तपासण्या बसवल्या : अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, अ‍ॅक्टिव्हिटी, रेस्पिरेशन. त्यामुळे अनेकांना हे नाव म्हणजे नुसते संक्षिप्त रूपच वाटते.

पालकांसाठी इथे एक खुलासा करतो, कारण प्रवेशाच्या वेळी हा आकडा आमच्याही कानावर येतो. हे गुण बुद्धीचे नव्हेत. पहिल्या मिनिटाला चार असलेले बाळ पाचव्या मिनिटाला नऊवर येऊ शकते, आणि त्यावरून त्याच्या पुढील अभ्यासाचे भाकीत करता येत नाही. आता तर डॉक्टर मदत सुरू करायला मिनिटभर थांबतही नाहीत.

बाईंच्या पर्समध्ये लहान चाकू आणि श्वासाची नळी नेहमी असे. रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर उपयोगी पडावी म्हणून. फावल्या वेळात त्या वाद्ये बनवायला शिकल्या. रुग्णालयातील टेलिफोन खोलीची फळी उत्तम मेपल लाकडाची आहे असे त्यांच्या मैत्रिणीने, कार्लीन हचिन्स यांनी, हेरले. दोघींनी रात्री जाऊन ती काढून आणली, बदली दुसरी बसवली आणि तिचा व्हायोला घडवला. (विद्यार्थ्यांनी शाळेच्या बाकांकडे या नजरेने पाहू नये.)

१९५९ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत जन्मजात व्यंगांचा विभाग हाती घेतला. त्यासाठी व्याख्याने देत त्या देशभर हिंडल्या.

गुण मोजल्याने श्वासाची अडचण कळे, पण अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांवर इलाज नव्हता. त्या स्निग्ध पदार्थाचा अभाव हेच कारण असल्याचे डॉ. मेरी एलन एव्हरी आणि डॉ. जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. तरीही ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक त्याच आजाराने ३९ तासांत गेला. इलाज १९८० साली जपानमध्ये डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी करून दाखवला. गाईच्या फुप्फुसातून काढलेला पदार्थ त्यांनी बाळांच्या श्वासनलिकेत सोडला. अ‍ॅपगारबाई त्याआधीच, ७ ऑगस्ट १९७४ रोजी, न्यूयॉर्कच्या त्याच रुग्णालयात वारल्या. त्यांना टपाल तिकिटे जमवण्याचा छंद होता. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या चित्राचे वीस सेंटचे तिकीट काढले.