चाळ, राजगृह आणि छापखाना : बाबासाहेबांच्या वास्तू आपण जपणार का?

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण लाखोंच्या संख्येने दादरला येतो, चैत्यभूमीवर अभिवादन करतो आणि परतीची गाडी धरतो. बाबासाहेबांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे जिथे गेली, त्या वास्तू तिथून पायी जाता येईल इतक्या जवळ आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या आहेत?

सुरुवात परळच्या बीआयटी चाळीपासून करू. या चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे २२ वर्षे राहिले. कोलंबिया आणि लंडनला शिकून ते परतले ते इथेच. मूकनायक, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद या सगळ्या काळात त्यांचे घर हेच होते. माता रमाईंनी तुटपुंज्या पैशांत संसार ओढला आणि पोटची लेकरे गमावली, तीही याच काळात. जवळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बैठक झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली.

चाळीत पुस्तके मावेनात, म्हणून बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. दादर-माटुंगा तेव्हा मुंबईचे नव्याने आखून वसवलेले उपनगर होते. घराला त्यांनी मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले, राजगृह. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली, ती त्याच नगरीत. धर्मांतराची घोषणा व्हायची होती, पण घराच्या नावातून दिशा दिसत होती. २७ मे १९३५ रोजी रमाईंनी याच घरात अखेरचा श्वास घेतला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचे पार्थिव मुंबईत आणले, तेही राजगृहावरच. दुसऱ्या दिवशी तिथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली.

आणि या वास्तूंचे आज काय चालले आहे? बाबासाहेबांच्या छापखान्याचा वारसा सांगणारे दादरचे आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडले गेले. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. दोन्ही वेळी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण वास्तू पडल्यावर मोर्चा काढणे आणि ती उभी असताना जपणे, यांत फरक आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे. येत्या ६ डिसेंबरला एक दिवस जास्त काढा. परळची चाळ पाहा, राजगृहाच्या तळमजल्यावरचे स्मारक पाहा. आपल्या गावात, वस्तीत बाबासाहेब ज्या घरात उतरले, ज्या मैदानात बोलले, त्याची नोंद करा. फोटो काढा, कागदपत्रे शोधा, जुन्याजाणत्यांच्या आठवणी लिहून घ्या. हाताशी नोंद असेल, तर उद्या कुणी तिथे बुलडोझर आणला तेव्हा आपल्याकडे घोषणांसोबत पुरावाही असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!