पोलिसांच्या रेडिओला कान लावणारा छायाचित्रकार

न्यूयॉर्कमध्ये 1938 साली एका मुक्त वृत्तछायाचित्रकाराला स्वतःच्या मोटारीत पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकणारा रेडिओ बसविण्याची अधिकृत परवानगी मिळाली. तोपर्यंत अशी मुभा मिळालेला दुसरा मुक्त छायाचित्रकार त्या शहरात नव्हता, असे सांगितले जाते. मोटार साधी शेवर्ले होती. तिच्या मागच्या कप्प्यात फ्लॅशचे बल्ब, टंकलेखन यंत्र, अग्निशमन जवानांचे बूट, सिगार आणि बदलण्याचे कपडे भरलेले असत. नियंत्रण कक्षातून खुनाची किंवा आगीची खबर सुटली की ही मोटार धावू लागे. अनेकदा पोलिसांच्या बरोबरीने, तर कधी त्यांच्याही आधी ती घटनास्थळी उभी असे. तिचा मालक जगाला वीजी या एकाच नावाने परिचित आहे.

वीजीचे मूळ नाव अशर फेलिग. त्याचा जन्म 12 जून 1899 रोजी झोलोचिव्ह या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. वडील आधी अमेरिकेत गेले आणि 1909 साली उर्वरित कुटुंब त्यांच्यामागोमाग न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे अशरचा आर्थर झाला. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत त्याचे बालपण गेले. शाळा लवकर सुटली आणि पोटापाण्यासाठी वणवण सुरू झाली. भाड्याचे तट्टू घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, त्यावर मुलांना बसवून छायाचित्रे काढायची आणि ती त्यांच्या आईबापांना विकायची, हा त्याचा छायाचित्रणातील सुरुवातीचा एक उद्योग होता.

पुढे 1924 च्या सुमारास तो ॲक्मे न्यूजपिक्चर्स या वृत्तछायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये रुजू झाला. इतरांनी काढलेली चित्रे धुणे आणि त्यांच्या प्रती तयार करणे, हे त्याचे काम होते. स्वतः काढलेल्या चित्रांवरही त्याचे नाव छापले जात नसे. वीजी हे टोपणनाव याच धंद्यात पडले. ओल्या छायाचित्रांवरील पाणी निपटणाऱ्या पोऱ्याला स्क्वीजी म्हणत, त्यावरून ते आले, असे एक मत आहे. घटनेचा सुगावा त्याला आधीच लागतो म्हणून भविष्य सांगणाऱ्या वीजा फळ्याच्या नावावरून ते पडले, असे दुसरे मत. वीजीला अर्थातच दुसरी कथा अधिक प्रिय होती. प्रत्यक्षात त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नव्हती. रात्रभर ऐकत राहण्याची चिकाटी तेवढी होती.

1935 साली नोकरी सोडून त्याने स्वतंत्रपणे काम सुरू केले. मॅनहॅटनमधील पोलीस मुख्यालयाच्या मागे, सेंटर मार्केट प्लेस येथे त्याने एक खोली भाड्याने घेतली. आरंभी तो रोज रात्री मुख्यालयात जाऊन टेलिप्रिंटरवर उमटणाऱ्या खबरी वाचत बसे. मोटारीत रेडिओ आल्यावर या प्रतीक्षेची गरज उरली नाही.

या रेडिओचे तेव्हाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत पोलिसांनी गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून संदेश देण्याचा यशस्वी आरंभ 1928 साली डेट्रॉइट शहरात केला. न्यूयॉर्क पोलिसांची यंत्रणा 1932 साली सुरू झाली. हे संदेश नेहमीच्या करमणुकीच्या केंद्रांच्या लगतच्याच लहरींवरून जात आणि त्यांना कोणतेही सांकेतिक आवरण नसे. त्यामुळे घरगुती रेडिओच्या सुईला थोडी पुढे सरकविले की मध्यवर्ती केंद्राचा आवाज दिवाणखान्यात ऐकू येई. पोलिसांच्या लहरी पकडणारे संच त्या दशकात बाजारात उघडपणे विकले जात होते. घरात बसून ऐकणे सोपे होते. मात्र चालत्या मोटारीत असा संच बाळगण्यासाठी न्यूयॉर्क राज्यात परवाना लागत असे. वीजीला मिळालेल्या मुभेचे मोल त्यामुळेच मोठे होते.

स्पीड ग्राफिक हा त्या काळातील वृत्तछायाचित्रकारांचा अवजड कॅमेरा तो वापरीत असे. बहुतेक वेळा अंतर दहा फुटांवर बांधून ठेवलेले असे आणि प्रकाशासाठी एकदाच पेटणारा फ्लॅशचा बल्ब. म्हणजे दहा फुटांपर्यंत जवळ जाणे भाग होते, आणि चुकल्यास दुसरी संधी मिळेलच याची शाश्वती नव्हती. मोबदलाही बेताचाच होता. लाइफ नियतकालिकाच्या प्रकाशकांकडून दोन खुनांच्या चित्रांसाठी त्याला 35 डॉलर मिळाल्याची नोंद आहे. त्या धनादेशाच्या पावतीचेही त्याने छायाचित्र काढून ठेवले.

खुनांची छायाचित्रे इतरही अनेक जण काढीत. वीजीचे वेगळेपण असे की, त्याने मृतदेहाकडे पाठ फिरवून भोवतीच्या गर्दीकडे कॅमेरा रोखला. 1941 साली ब्रुकलिनमध्ये भररस्त्यात एका तरुणाची हत्या झाली. त्याच सुमारास जवळची शाळा सुटली होती. वीजीच्या ‘देअर फर्स्ट मर्डर’ या चित्रात मृत तरुण दिसतच नाही. दिसतात ती पुढे येण्यासाठी रेटारेटी करणारी मुले. कोणी हसते आहे, कोणी मान उंचावून पाहते आहे आणि त्यांच्या मधोमध त्या तरुणाची आप्त स्त्री आक्रंदन करते आहे. उन्हाळ्याच्या उकाड्यात इमारतीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर दाटीने झोपलेली मुले हेदेखील त्याचेच 1941 मधील चित्र. महामंदीतून बाहेर पडणाऱ्या न्यूयॉर्कचे दारिद्र्य, कुतूहल आणि क्रौर्य यांचा असा दस्तऐवज अन्यत्र क्वचितच आढळतो.

या कामाची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. 1939 साली ब्रुकलिनमधील एका इमारतीला आग लागली. आपली एक मुलगी आणि तिचे तान्हे बाळ आत अडकले असताना हताशपणे वर पाहणारी आई आणि शेजारी उभी असलेली दुसरी मुलगी, असे वीजीचे चित्र प्रसिद्ध आहे. हे चित्र काढताना आपल्याला रडू कोसळल्याचे त्याने नमूद केले आहे. त्या दोघींना मात्र आपले दुःख जगाला दाखविण्याविषयी कोणी विचारले नव्हते. शिवाय वीजी नेहमीच निखळ साक्षीदार राहिला असेही नाही. 1943 साली मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या दारात रत्नजडित धनवंत स्त्रियांकडे रोखून पाहणारी फाटकी स्त्री त्याने टिपली. ‘द क्रिटिक’ या नावाने ते चित्र गाजले. त्या स्त्रीला मद्य पाजून मुद्दाम तेथे आणून उभे केले होते, असे त्याच्या सहायकाने पुढे सांगितले.

कीर्ती मात्र त्याच्याकडे चालत आली. 1940 साली सुरू झालेल्या पीएम या दैनिकाने त्याच्या चित्रांना सन्मानाने जागा दिली. 1941 मध्ये फोटो लीग या संस्थेने त्याचे प्रदर्शन भरविले, तर 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची पाच छायाचित्रे संग्रहात घेतली. 1945 साली ‘नेकेड सिटी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावाचा हक्क घेऊन 1948 साली ‘द नेकेड सिटी’ हा चित्रपट निघाला. यानंतर वीजीने काही वर्षे हॉलिवूडमध्ये घालविली. तेथे त्याने भिंगांच्या करामतींनी नामवंतांचे चेहरे विद्रूप करणारी चित्रे काढली. पण रस्त्यावरील चित्रांचा कस त्यांना लाभला नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाचीही त्याने छायाचित्रे टिपली. 26 डिसेंबर 1968 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. अखेरची वर्षे त्याला साथ देणाऱ्या विल्मा विल्कॉक्स यांनी जपलेला हजारो छायाचित्रांचा ठेवा 1993 साली न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेकडे आला.

वीजीच्या पश्चात ऐकण्याची साधने बदलत गेली. अनेक लहरी आपोआप चाळणारे स्कॅनर आले आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रंदिवस सुरू राहिले. पुढे अमेरिकेतील पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवा डिजिटल यंत्रणेकडे वळल्या. यासाठी प्रोजेक्ट 25 या नावाने समान मानके ठरविण्याचे काम 1989 साली हाती घेण्यात आले. यंत्रणा डिजिटल झाली म्हणजे ती बंद झाली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. डिजिटल संदेश योग्य स्कॅनरवर ऐकता येतात. संदेश कूटबद्ध केला, तरच बाहेरच्या श्रोत्याच्या कानी काही पडत नाही. डिजिटल यंत्रणेमुळे हे कूटबद्धीकरण सुलभ झाले, एवढेच.

आणि तेच घडले. डेन्व्हर पोलिसांनी 2019 साली आपल्या वाहिन्या कूटबद्ध केल्या. शिकागोने 2022 पासून त्या टप्प्याटप्प्याने बंद करून जनतेला 30 मिनिटे उशिराचे प्रसारण देऊ केले. खुद्द न्यूयॉर्कमध्ये 2023 च्या जुलै महिन्यात उत्तर ब्रुकलिनमधील पोलीस ठाण्यांचे आवाज स्कॅनरवरून नाहीसे झाले. सुमारे 39 कोटी डॉलर खर्चाच्या नव्या रेडिओ यंत्रणेचा तो भाग होता. गुन्हेगार संदेश ऐकून सावध होतात आणि पीडितांची नावे व पत्ते परक्यांच्या कानी पडतात, ही पोलिसांची बाजू आहे. जळत्या घराकडे पाहणारी ती आई आठवली की या युक्तिवादातील तथ्य नाकारता येत नाही. परंतु घटना घडत असतानाच तेथे पोहोचणारा त्रयस्थ साक्षीदार नसेल, तर घडले काय हे पोलिसांच्या पत्रकावरूनच कळणार, ही पत्रकारांची भीतीही तितकीच खरी आहे. अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकू येणाऱ्या खबरीवर निघालेल्या वीजीला ब्रुकलिनच्या त्या रस्त्यावर शाळेची मुले सापडली नसती. तोवर मृतदेह हलविला गेला असता आणि गर्दीही घरोघरी पांगली असती.