तोतरा गणिती : निकोलो तार्ताल्या

हल्ली पुष्कळ शाळांतून गणिताच्या सांघिक स्पर्धा होत असतात. चार-पाच मुलांचा एक संघ असतो. एकाची भूमिती चांगली, दुसऱ्याची आकडेमोड पक्की, तर तिसऱ्याने नुकताच बीजगणितास हात घातलेला. सर्वांनी एका कागदाभोवती बसावयाचे आणि जे एकास सुचेल ते दुसऱ्यास सांगून उत्तर काढावयाचे. नवशिक्या मुलासही तेथे जागा असते. परंतु एके काळी गणिताची स्पर्धा म्हणजे दोन विद्वानांचे द्वंद्वयुद्धच असे, व त्यात हरणाऱ्याच्या पोटावर पाय येत असे. अशा द्वंद्वाने एकदा कीर्तीस चढलेल्या आणि दुसऱ्याने ती गमावून बसलेल्या एका गणित्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उत्तर इटलीतील ब्रेशा या नगरात १५०० सालाच्या सुमारास निकोलोचा जन्म झाला. त्याचा बाप घोड्यावरून टपाल पोहोचविण्याचे काम करी. निकोलो सहा वर्षांचा होतो न होतो तोच बाप वारला आणि घरात दारिद्र्य आले. पुढे १५१२ साली फ्रेंच सैन्याने ब्रेशा जिंकून लुटले. प्राण वाचविण्यासाठी नगरवासी मुख्य ख्रिस्तमंदिरात जाऊन लपले; त्यांत निकोलो व त्याची आईही होती. परंतु सैनिकांनी त्या पवित्र स्थळाचीही भीड धरिली नाही. एकाच्या तलवारीच्या वाराने त्या बालकाचा जबडा व टाळू चिरली गेली. वैद्यास देण्यास आईजवळ पैसा नव्हता. तिने स्वतःच जखमा धुऊन, रात्रंदिवस उशाशी बसून मुलास वाचविले. तो जगला, पण त्याची वाणी कायमची अडखळती झाली. लोक त्यास तार्ताल्या, म्हणजे तोतरा, म्हणू लागले. मोठेपणी निकोलोने हेच चिडविण्याचे नाव आपल्या ग्रंथांवर छापविले!

चौदाव्या वर्षी तो अक्षरे शिकण्यास एका पंतोजीकडे गेला. वर्णमालेतील 'के' या अक्षरापर्यंत धडे झाले आणि फीचे पैसे संपले. पुढील अक्षरे त्याने कित्ता मिळवून आपली आपणच गिरविली. पुढे गणितही तो असाच स्वकष्टाने शिकला. व्हेरोना येथे शिक्षकी करून १५३४ साली तो व्हेनिस येथे येऊन राहिला.

त्या काळी गणिती लोक आपले शोध छापीत नसत. एकाने दुसऱ्यास प्रश्नांचे आव्हान पाठवावे, हरलेल्याचे शिष्य व मान जिंकलेल्याकडे जावे, असा रिवाज होता. त्यामुळे नवी रीत हाती लागली की ती शस्त्रासारखी लपवून ठेवावी लागे. बोलोन्या येथील प्राध्यापक शिपिओने देल फेर्रो याने घनसमीकरणाच्या एका प्रकाराची रीत शोधिली होती. ती त्याने जन्मभर गुप्त राखिली आणि १५२६ साली मरण्यापूर्वी काही निवडक माणसांस सांगितली. त्यांपैकी फ्योर नावाच्या शिष्याने त्या एका रीतीच्या बळावर १५३५ साली तार्ताल्यास आव्हान दिले. प्रत्येकाने दुसऱ्यास तीस प्रश्न घालावयाचे आणि हरणाऱ्याने तीस मेजवान्या द्यावयाच्या, असा पण ठरला.

फ्योरचे तीसही प्रश्न एकाच जातीचे होते. त्यांतील पहिला आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल : अशी संख्या काढा की तीत तिचे घनमूळ मिळविले असता बेरीज ६ यावी. घनमूळ १ धरिले तर बेरीज १ व १ मिळून २ होते. २ धरिले तर ८ व २ मिळून १० होते. तेव्हा घनमूळ १ व २ यांच्या दरम्यान आहे, हे उघड झाले. आणखी चाचपून पाहिले तर ते १.६ व १.७ यांमध्ये सापडते. परंतु अशा चाचपण्याने नेमके उत्तर कधीच हाती येत नाही. त्यास सर्वसाधारण रीतच हवी. ती तार्ताल्याजवळ नव्हती. मुदत संपत आली असता, १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यास ती सुचली, आणि त्याने तीसही प्रश्न दोन तासांच्या आत सोडविले! तार्ताल्याचे प्रश्न मात्र नाना प्रकारचे होते. त्यांपुढे फ्योरची एकच रीत लंगडी पडली. तार्ताल्याने मेजवान्या माफ केल्या. विजयाचा मान त्यास पुरेसा होता.

ही वार्ता मिलान येथील वैद्य व गणिती कार्दानो याच्या कानी गेली. त्याने फार आर्जवे केली, तेव्हा १५३९ साली, ती कोणास न सांगण्याची शपथ घेववून, तार्ताल्याने आपली रीत पद्यात गुंफून त्यास दिली. कार्दानोच्या घरी फेर्रारी नावाचा एक मुलगा होता. चौदाव्या वर्षी तो चाकर म्हणून आला होता. परंतु धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास शिष्य केले. गुरुशिष्यांनी एकत्र बसून त्या रीतीचा विस्तार केला आणि १५४० साली फेर्रारीने चतुर्घात समीकरणही सोडविले. पुढे देल फेर्रोची जुनी टिपणे बोलोन्यास त्यांच्या पाहण्यात आली. मूळ शोध तार्ताल्याच्याही आधीचा आहे, तेव्हा शपथ उरली नाही, असे मानून कार्दानोने १५४५ साली सर्व काही 'आर्स माग्ना' या ग्रंथात छापिले. त्यात त्याने देल फेर्रो व तार्ताल्या या दोघांचीही नावे दिली.

तार्ताल्यास हा विश्वासघात वाटला, आणि त्याचे दुःख अकारण होते असे आम्हांस म्हणवत नाही. दिलेला शब्द तो शब्दच. त्याने १५४६ साली सर्व हकीकत छापून कार्दानोवर टीका केली. उत्तरादाखल फेर्रारीने जाहीर आव्हान दिले. १० ऑगस्ट १५४८ रोजी मिलानच्या एका ख्रिस्तमंदिरात मोठ्या जनसमुदायापुढे सामना झाला. फेर्रारी तरुण व वाक्पटु होता. तार्ताल्या परक्या नगरात एकटा, आणि जिभेने अधू. पहिल्याच दिवसानंतर तो मिलान सोडून निघून गेला. जय फेर्रारीचा मानला गेला. ब्रेशा येथे तार्ताल्यास व्याख्यात्याची जागा मिळाली होती. तिचे वेतनही त्याच्या हाती पडले नाही. १३ डिसेंबर १५५७ रोजी व्हेनिस येथे दारिद्र्यातच त्याचा अंत झाला.

या चरित्रात आम्हांस एका गोष्टीचे फार नवल वाटते. लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य लोकांस भूमिती कळावी म्हणून याच तार्ताल्याने युक्लिडचा ग्रंथ इटालियन भाषेत आणून १५४३ साली छापविला. ज्याने दुसऱ्याची विद्या गरिबांच्या दारी नेली, त्याने स्वतःची विद्या मात्र पेटीत बंद ठेविली! ती तो वेळीच छापता, तर तीस आज जग त्याच्याच नावाने ओळखते. आता ते सूत्र बहुधा कार्दानोच्या नावाने शिकविले जाते.

विद्यार्थिमित्रहो, तार्ताल्याची चिकाटी तुम्ही अवश्य घ्यावी. 'के' अक्षरापाशी ज्याची शाळा सुटली तो युरोपातील पहिल्या प्रतीचा गणिती झाला. मग एखादे उदाहरण चुकले म्हणून तुम्ही खचून का जावे? परंतु त्याचा एकटेपणा घेऊ नका. तुम्हांस सुचलेली युक्ती शेजारच्या मुलास सांगा, आणि न समजलेले त्यास निःसंकोच विचारा. पालकांसही आमची विनंती आहे की, स्पर्धेहून परतलेल्या मुलास बक्षीस मिळाले का, एवढेच विचारू नये. सोबत्यांकडून तो काय शिकला व त्यांस त्याने काय शिकविले, हेही विचारावे.