विश्लेषण : गर्भधारणा चाचणीचा धागा बेडकाच्या ग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो? लान्सलॉट हॉगबेन कोण होते?

वर्धा जिल्ह्यातील गावांत आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाचे किट असते. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की काही मिनिटांत रेघ उमटते आणि दिवस राहिले की नाही ते घरीच कळते. ही रेघ एचसीजी या संप्रेरकामुळे उमटते. ते ओळखण्याचे काम १९३०च्या दशकापासून १९६०च्या सुमारापर्यंत अनेक प्रयोगशाळांत जिवंत बेडूक करत होते. त्यामागे मुख्य नाव येते ते लान्सलॉट हॉगबेन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचे. ते मात्र चाचणी शोधायला निघालेच नव्हते. बेडूक रंग कसा बदलतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

बेडकात या ग्रंथी कुठे असतात?

जुन्या काळी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्यांना मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून उताणा ठेवलेला बेडूक आठवत असेल. आता ते विच्छेदन बंद झाले. पोट उघडले की मूत्रपिंडांवर पिवळसर-नारिंगी पट्टा दिसायचा, ती अधिवृक्क ग्रंथी. माणसात ती मूत्रपिंडावर टोपीसारखी बसते, बेडकात मूत्रपिंडालाच चिकटलेली असते. थायरॉइडच्या दोन छोट्या गोळ्या घशाशी, जिभेला आधार देणाऱ्या कूर्चेच्या दोन बाजूंना असतात. पावसाळ्यात बोर किंवा धाम नदीकाठच्या डबक्यातला टॅडपोल शेपूट गमावून बेडूक होतो, तो याच ग्रंथीच्या हुकमावरून. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने टॅडपोलना घोड्याची थायरॉइड खाऊ घातली, तेव्हा वाढ पूर्ण होण्याआधीच त्यांचे माशीएवढे बेडूक झाले.

पीयूष ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, मात्र पोट उघडून दिसत नाही. ती मेंदूच्या खाली, टाळूच्या अगदी वर दडलेली असते. आपल्या दृष्टीने अडचणीची ही जागा शल्यक्रियेला फार सोयीची ठरली. बेडकाचे तोंड उघडून टाळूतून छोटे छिद्र पाडले, की मेंदूला धक्का न लावता ती काढता येते आणि बेडूक जगतो.

हॉगबेन यांनी काय पाहिले?

हॉगबेन यांचा जन्म १८९५ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे, कट्टर धार्मिक घरात झाला. केंब्रिजला शिकताना ते समाजवादी झाले. पहिल्या महायुद्धात सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून १९१६ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढे प्रकृती ढासळल्याने सुटका झाली.

१९२२च्या सुमारास एडिंबरा येथे त्यांनी बेडकाची पीयूष ग्रंथी काढली. बेडूक फिका पडला आणि काळोख्या जागी ठेवूनही फिकाच राहिला. ग्रंथीचा अर्क टोचताच तो काळवंडला. म्हणजे त्वचेचा रंग ठरवणारे संप्रेरक याच ग्रंथीतून येत होते. त्याचा उगम ग्रंथीच्या मधल्या भागात असतो, हे आज शाळेच्या पुस्तकातही सापडते.

१९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांना झेनोपस भेटला. मागच्या पायांना नखे, तोंडात जीभ नाही, जन्मभर पाण्यात राहणारा हा बेडूक. टाकीत ठेवावा, मांसाचे तुकडे टाकावेत, कुरकुर नाही. हॉगबेन त्याच्यावर इतके खूश, की स्वतःच्या घरालाही त्यांनी झेनोपस हेच नाव दिले. मादीची पीयूष ग्रंथी काढल्यावर रंगाबरोबर तिचा अंडाशयही आक्रसतो, हे त्यांना दिसले. उलट, बैलाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला की मादी काही तासांतच अंडी घालते. पुढची सगळी कथा या निरीक्षणातून निघाली.

मग चाचणी कोणाची?

गर्भारपणात वार एचसीजी तयार करते. अंडाशयावर त्याचा परिणाम पीयूष ग्रंथीच्या संप्रेरकासारखाच होतो आणि ते लघवीत उतरते. ती लघवी शुद्ध करून झेनोपस मादीच्या पाठीच्या कातडीखाली टोचली, तर साधारण ८ ते १८ तासांत बरणीच्या तळाशी अंडी दिसत. त्याआधीच्या चाचण्यांत उंदीर किंवा ससे मारून त्यांचे अंडाशय तपासावे लागत आणि त्यात दिवस जात. इथे नुसत्या डोळ्यांनी निकाल कळे, आणि तीच मादी काही आठवड्यांनी पुन्हा कामाला येई.

श्रेयावरून मात्र चांगलीच जुंपली. केपटाऊनच्या शापिरो आणि झ्वारेनस्टाइन यांनी १९३३ मध्ये ही चाचणी मांडली, तर लंडनमध्ये हॉगबेन यांचे सहकारी बेलरबी याच मार्गावर होते. वाद पुढे अनेक वर्षे चालला. पायाचे निरीक्षण हॉगबेन यांचे आणि चाचणी उभारण्याचे कष्ट इतरांचे, असे म्हणणे अधिक न्याय्य. पुढे १९४७ मध्ये अर्जेंटिनात नर भेकावर अशीच चाचणी निघाली. भारतातील डॉक्टरांनाही मग अंगणात सापडणारा, खडबडीत कातडीचा भेक उपयोगी पडला.

त्यांनी आफ्रिका का सोडली?

वर्णभेद त्यांना सहन होईना. १९३० मध्ये ते झेनोपस घेऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि वंशशुद्धीच्या नावाने चालणाऱ्या कथित विज्ञानावर तुटून पडले. १९३६ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ हे पुस्तक आले आणि बेडकांशी काही देणेघेणे नसलेल्या लाखो वाचकांना ते ठाऊक झाले. १९४० मध्ये व्याख्यानासाठी नॉर्वेत असताना जर्मन सैन्य घुसले. ते मुलीसह स्वीडन, रशिया, जपान, अमेरिका असा पृथ्वीला वळसा घालून घरी पोहोचले. पुढे बर्मिंगहॅम येथे १९६१ पर्यंत अध्यापन केले आणि १९७५ मध्ये वेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

१९६०च्या सुमारास प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या आल्या आणि बेडकांची सुट्टी झाली. बेडकाच्या काळात लघवीची बाटली डॉक्टरमार्फतच प्रयोगशाळेत जायची. बाईला थेट विचारण्याची सोय नव्हती, आणि निकालही आधी डॉक्टरच्या हाती पडायचा.