विश्लेषण : सुएझच्या जहाजांना रेल्वे मागे टाकू शकते? सर्गेई विट्टे यांचा डाव कुठे अडला?

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशिया-युरोप मार्गावरची अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हापासून एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आहे. हाच माल रेल्वेने लवकर पोहोचवता येणार नाही का? सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर रशियाचा खजिना पणाला लावणारे मंत्री म्हणजे सर्गेई विट्टे. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेमागच्या या माणसाची कारकीर्द समजून घेतली, तर रेल्वे जहाजाला कुठे हरवते आणि कुठे हरते, हे स्पष्ट होते.

सर्गेई विट्टे कोण होते?

विट्टे यांचा जन्म १८४९ मध्ये तिफ्लिस, म्हणजे आजच्या जॉर्जियातील तिबिलिसी येथे झाला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक आणि १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत राहिलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्की या त्यांच्या मावसबहीण. विट्टे यांनी ओडेसा येथील विद्यापीठातून १८७० मध्ये गणिताची पदवी घेतली. प्राध्यापक होण्याचा विचार बाजूला ठेवून ते ओडेसा रेल्वेत रुजू झाले. तिकीट खिडकीपासून मालधक्क्यापर्यंतची कामे त्यांनी स्वतः केली. पुढे मंत्री झाल्यावरही रेल्वे आतून माहीत असणे, हे त्यांचे मोठे बळ ठरले.

दोन अपघातांनी काय शिकवले?

डिसेंबर १८७५ मध्ये ओडेसाजवळ तिलिगुल येथे दुरुस्तीसाठी रूळ काढलेल्या जागी सैन्यभरतीच्या तरुणांना नेणारी गाडी कोसळली. शंभराहून अधिक जणांचा जीव गेला. वाहतूक विभागाचे अधिकारी म्हणून विट्टे यांना चार महिन्यांची कैद ठोठावण्यात आली. मात्र रशिया-तुर्कस्तान युद्धात त्यांनी सैन्याची वाहतूक इतकी चोख सांभाळली की शिक्षा दोन आठवड्यांवर आली. त्यांनी इंजिनांचा वेग वाढवला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या दुहेरी पाळ्या लावून गाड्यांचा खोळंबा कमी केला होता.

दुसरा अपघात १८८८ चा. झार तिसरे अलेक्झांडर यांच्या गाडीला मालगाडीची जड इंजिने जोडून ती रुळांना न झेपणाऱ्या वेगाने पळवली जाते, असा इशारा विट्टे यांनी दिला होता. दरबारातील मंडळींना तो आवडला नाही. काही आठवड्यांतच बोर्की येथे शाही गाडी घसरली. झार बचावले आणि विट्टे यांचे नशीब पालटले. १८८९ मध्ये ते अर्थ मंत्रालयातील रेल्वे विभागाचे प्रमुख, १८९२ च्या सुरुवातीला दळणवळणमंत्री आणि त्याच वर्षी अर्थमंत्री झाले.

वेगाचा हिशेब काय होता?

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर चीन आणि युरोपमधला व्यापार ब्रिटिश जहाजांच्या हाती एकवटत गेला. सुएझमार्गे युरोप ते शांघाय सुमारे ४५ दिवस लागत. कॅनडातील रेल्वे आणि पुढे बोट या मार्गाने सुमारे ३५ दिवस. सायबेरियातून रेल्वे गेली, तर हेच अंतर १८ ते २० दिवसांत कापता येईल, अशी विट्टे यांची मांडणी होती. चहा आणि रेशमासारख्या महाग मालावर रशियाला भाडे मिळेल आणि सायबेरियात वस्ती वाढेल, हा त्यामागचा विचार.

व्लादिवोस्तोक येथे मे १८९१ मध्ये कामाचा मुहूर्त झाला होता. विट्टे यांनी कामासाठी खास समिती नेमायला लावली आणि युवराज निकोलस यांना तिचे अध्यक्ष केले. भावी झारच अध्यक्ष असल्याने निधी आणि परवानग्या झटपट मिळू लागल्या.

रेल्वेचा वेग का अडला?

काम लवकर आणि कमी खर्चात व्हावे म्हणून मार्ग एकेरी ठेवला गेला. रूळ मीटरला सुमारे २४ किलो वजनाचे होते. आज भारतीय रेल्वे मुख्य मार्गांवर ६० किलोचे रूळ वापरते. रुळांखाली खडीचा थर पातळ, वळणे तीव्र आणि अनेक पूल लाकडी. रुळांना भार झेपत नाही, असा इशारा देऊन पुढे आलेल्या माणसाच्याच कारकिर्दीत हे घडले. सुरुवातीला या मार्गाची क्षमता दिवसाला दोन्ही दिशांनी जेमतेम तीन गाड्यांची होती.

सर्वांत मोठी कोंडी बैकल सरोवरावर होती. सरोवराच्या कडेचे डोंगर फोडायला वेळ लागणार म्हणून बर्फ फोडणारी बोट ब्रिटनमध्ये तयार करून सुट्या भागांत आणली गेली. डबे बोटीवर चढवायचे आणि पलीकडे उतरवायचे. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटले, तेव्हा कडाक्याच्या हिवाळ्यात बोटही निरुपयोगी ठरली. गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकून घोड्यांनी डबे ओढावे लागले. हजारो किलोमीटरच्या मार्गाची क्षमता या एका तुकड्याने ठरवली. आघाडीवर कुमक उशिरा पोहोचत राहिली आणि रशिया युद्ध हरला.

दरांचा अडथळा काय होता?

विट्टे यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या मालभाड्यावर पुस्तक लिहिले होते. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागे कमी व्हावा, हे सूत्र त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही ते अर्थमंत्री असतानाच १८९६ मध्ये चेल्याबिन्स्क येथे भाडे तोडण्यात आले. सायबेरियाच्या धान्याचा प्रवास तिथे संपला असे धरून पुढचे भाडे नव्याने मोजले जाई. स्वस्त धान्यामुळे आपले भाव पडतील, या युरोपीय रशियातील जमीनदारांच्या भीतीपोटी हे केले गेले. फटका सायबेरियाच्या शेतकऱ्याला बसला. त्याने मग लोण्याची वाट धरली. लोणी नाशवंत, वजनाच्या मानाने महाग आणि वाढीव भाडे सोसू शकणारे. थंड डब्यांच्या खास गाड्यांतून ते बाल्टिक बंदरांपर्यंत आणि तिथून ब्रिटनला जाऊ लागले. रेल्वेचा वेग खरा कामी आला तो इथे.

विट्टे यांचे पुढे काय झाले?

मार्ग छोटा करण्यासाठी विट्टे यांनी १८९६ मध्ये चीनशी करार करून मांचुरियातून रेल्वे नेली. त्याच मांचुरियातील हस्तक्षेपातून जपानशी वैर वाढले. लष्करी साहसाला विट्टे यांचा विरोध होता. १९०३ मध्ये त्यांना अर्थमंत्रिपदावरून हटवण्यात आले. युद्ध हरल्यावर मात्र १९०५ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्समथ येथे तह करायला त्यांनाच धाडले गेले. ते पंतप्रधान झाले, पण १९०६ मध्येच पायउतार झाले. मार्च १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्णपणे रशियाच्या भूमीतून जाणारा मार्ग त्यानंतर, १९१६ मध्ये पुरा झाला.

आजचे चित्र काय?

ट्रान्स-सायबेरियन मार्ग आज दुहेरी आहे. त्याचे विद्युतीकरण २००२ मध्ये पूर्ण झाले. पण मोठ्या जहाजावर २० हजारांहून अधिक कंटेनर मावतात, तर एका मालगाडीवर शंभरच्या आसपास. त्यामुळे कोळसा, धान्य किंवा स्वस्त माल जहाजानेच परवडतो. रेल्वेची संधी आहे ती मोटारींचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक्स अशा वेळेला किंमत असलेल्या मालात. तिथेही चीन-रशिया आणि रशिया-युरोप सीमांवर रुळांची रुंदी बदलते आणि कंटेनर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढवावे लागतात. गाडी कितीही पळाली, तरी सीमेवर गेलेला दिवस भरून निघत नाही.

मुंबईशी संबंध काय?

मुंबई ते मॉस्को हा इराणमार्गे जाणारा सुमारे ७,२०० किमीचा उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग याच कल्पनेवर उभा आहे. भारत, इराण आणि रशियाने त्यासाठी २००० मध्ये करार केला. सुएझपेक्षा कमी वेळ, हेच त्याचेही आश्वासन. पण इराणमधील रश्त ते अस्तारा हा सुमारे १६० किमीचा रेल्वेचा दुवा सुटलेला होता. तो जोडण्याचा रशिया-इराण करार व्हायला २०२३ उजाडले. तोपर्यंत या पट्ट्यात माल रेल्वेतून उतरवून ट्रकवर चढवावा लागत होता. विट्टे यांच्यासाठी जे बैकल सरोवर होते, तेच मुंबईच्या मालासाठी रश्त-अस्तारा आहे.