नार्नियाच्या कपाटामागे एक आई



लहानपणी आवडलेले पुस्तक मोठेपणी पुन्हा हाती घ्यायला आपण कचरतो. तेव्हाची गोडी आता लागली नाही तर, अशी भीती वाटते. ‘नार्निया’ची सात पुस्तके आम्ही अलीकडे पुन्हा वाचायला घेतली ती अशाच धाकधुकीने. लहानपणी आम्हाला त्यांत बोलका सिंह, पांढरी चेटकीण, बर्फाचे राज्य आणि लढाया एवढेच दिसले होते. या वेळी मात्र सहाव्या पुस्तकापाशी आम्ही थबकलो आणि ते लिहिणाऱ्या माणसाचे चरित्र शोधू लागलो.

सी. एस. लुईस यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1898 रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील आल्बर्ट वकील होते, आई फ्लोरा गणितात हुशार आणि सुशिक्षित होती. घरी सर्वजण त्यांना जॅक म्हणत. जॅक आणि तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉर्नी यांची जोडी घट्ट होती. माळ्यावरच्या खोलीत बसून दोघे कपडे घालणाऱ्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी रचत. घर पुस्तकांनी भरलेले होते. त्या घरात आजोबांनी स्वतः बनवलेले एक मोठे कोरीव कपाटही होते.

1908 साली आईला कर्करोग झाला. नऊ वर्षांच्या जॅकने आई बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली. 23 ऑगस्ट रोजी, वडिलांच्या वाढदिवशीच, आई देवाघरी गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच जॅकला समुद्रापलीकडे इंग्लंडमधील वसतिगृहाच्या शाळेत पाठवण्यात आले. पत्नीच्या वियोगाने खचलेले वडील मुलांपासून दूर होत गेले. घरातला आनंद आईबरोबरच गेला.

किशोरवयात जॅकची श्रद्धा उरली नाही. तो स्वतःला नास्तिक म्हणवू लागला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर तो पोहोचला त्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. 1918 साली तो जखमी झाला. त्याच युद्धात पॅडी मूर हा त्याचा मित्र मारला गेला. लुईस यांनी पॅडीच्या आईला अंतर दिले नाही. 1951 साली त्या वारल्या, तोवर त्यांनी तिचा सांभाळ केला. स्वतःची आई गमावलेल्या मुलाने मुलगा गमावलेल्या आईला घरात जागा दिली.

1925 पासून लुईस ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. तेथे त्यांची मैत्री जे. आर. आर. टोलकिन यांच्याशी झाली. टोलकिन निष्ठावंत कॅथोलिक होते. सप्टेंबर 1931 मध्ये एका रात्री टोलकिन, ह्यूगो डायसन आणि लुईस कॉलेजच्या आवारात उशिरापर्यंत फिरत बोलत राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा पुन्हा स्वीकारली. ते कॅथोलिक झाले नाहीत, अखेरपर्यंत अँग्लिकन चर्चमध्येच राहिले. तरी त्यांची पुस्तके सर्व पंथांचे ख्रिस्ती लोक आपली मानून वाचतात.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनची मुले बॉम्बच्या भीतीने खेड्यापाड्यांत पाठवली जात होती. 1939 साली त्यांतली काही लुईस यांच्या घरी राहायला आली. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातील चार भावंडेही अशीच एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरी येतात आणि एका कपाटातून बर्फाळ नार्नियात शिरतात. हे पुस्तक 1950 साली निघाले आणि 1956 पर्यंत दरवर्षी एक अशी सात पुस्तके झाली. त्यांतील अस्लान हा सिंह एका चुकलेल्या मुलासाठी प्राण देतो आणि पुन्हा उठतो. दुसरे एखादे जग असते तर तेथे ख्रिस्त कोणत्या रूपात आला असता, या कल्पनेतून अस्लान साकारला होता. पहिले पुस्तक लुईस यांनी आपली धर्मकन्या लूसी बारफिल्ड हिला अर्पण केले. पुस्तक निघेपर्यंत ती मोठी झाली होती. माणूस आणखी मोठा झाला की परीकथांकडे परत वळतो, अशी आशा त्यांनी तिच्यासाठी लिहून ठेवली.

आता त्या सहाव्या पुस्तकाविषयी. 1955 साली आलेल्या या पुस्तकात डिगरी नावाचा मुलगा आहे. त्याचे वडील नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आहेत आणि आई मरणाच्या दारात आहे. अस्लान त्याला एका बागेतून सफरचंद आणायला पाठवतो. ते फळ चोरून आईला दे, ती बरी होईल, असा मोह चेटकीण त्याला घालते. डिगरी रडतो, पण फळ अस्लानच्या हाती देतो. डिगरीच्या आईसाठी अस्लानच्याही डोळ्यांत अश्रू येतात. नंतर अस्लान स्वतःहून त्याला दुसरे सफरचंद देतो आणि आई बरी होते. त्या फळाचा गाभा डिगरी अंगणात पुरतो. पुढे वादळात ते झाड पडते तेव्हा तो त्याच्या लाकडाचे कपाट करून घेतो. हा डिगरी म्हणजेच पहिल्या पुस्तकातील वृद्ध प्राध्यापक, आणि ते कपाट म्हणजेच नार्नियाचे दार!

लहानपणी आम्ही हे भराभर वाचून पुढे गेलो होतो. आता 1908 सालचा तो नऊ वर्षांचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. जे त्याला मिळाले नाही, ते त्याने सत्तेचाळीस वर्षांनी डिगरीच्या हाती ठेवले.

कथा येथे संपली असती तर गोड झाले असते. पण 1956 साली लुईस यांनी अमेरिकन लेखिका जॉय डेव्हिडमन यांच्याशी नोंदणी विवाह केला आणि त्याच वर्षी जॉय यांना कर्करोग असल्याचे कळले. मार्च 1957 मध्ये इस्पितळात खाटेशेजारी धर्मगुरूंनी त्यांचा विवाह लावला आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. जॉय सुधारल्या, हिंडूफिरू लागल्या. तीन वर्षे सुखाची गेली. मग आजार उलटला आणि 13 जुलै 1960 रोजी त्यांचे निधन झाले. मागे डेव्हिड आणि डग्लस हे त्यांचे दोन किशोरवयीन मुलगे राहिले. एकेकाळी जॅक आणि वॉर्नी जेथे उभे होते, तेथेच आता ही दोघे उभी होती.

या दुःखात लुईस यांनी देवाला विचारलेले कठोर प्रश्न वहीत उतरवले आणि 1961 साली ते टोपणनावाने छापले. त्यांत राग आहे, शंका आहे. तरीही त्यांनी देवाशी बोलणे थांबवले नाही. जॉय यांच्या मुलांना त्यांनी आपल्याच घरी ठेवले. देशोदेशींच्या मुलांच्या पत्रांना उत्तरे लिहिणेही सोडले नाही. 22 नोव्हेंबर 1963 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने ही बातमी मागे पडली.

आपल्यापैकी किती जणांनी आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना केली आणि तरी त्या माणसाला पोचवून यावे लागले! त्याचे कारण नार्निया सांगत नाही. पण डिगरीने मान वर केली तेव्हा त्याला सिंहाच्या डोळ्यांत आपल्याहून मोठे अश्रू दिसले. हे चित्र त्या आईवेगळ्या मुलाने काढले आहे, म्हणून आमचा त्यावर विश्वास बसतो. नार्नियाची पुस्तके आपल्या घरात असतील तर मुलांना वाचून दाखवा, आणि मुले झोपली की एकदा स्वतःसाठीही वाचा.