सोनोग्राफीचे जनक डॉ. इयान डोनाल्ड

घरात बाळ येणार म्हटले की सोनोग्राफी आलीच. परंतु हे तंत्र आईच्या पोटातील बाळापर्यंत नेणाऱ्या माणसाचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही डॉ. इयान डोनाल्ड यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे झाला. दक्षिण आफ्रिकेत व लंडनला शिकून ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते वायुदलात होते. जळत्या विमानातून त्यांनी सैनिकांना बाहेर काढले व त्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्यांचा शोध कसा घेतात, हेही त्यांना माहीत होते.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जवळच्या रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात पोलादातील तडे श्राव्यातीत ध्वनीने शोधत. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून तेथे पोहोचले! पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. मग अभियंता टॉम ब्राउन व डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने त्यांनी रुग्णांसाठी यंत्र तयार केले.

सुरुवातीला अनेकांनी चेष्टा केली. पण पोटाच्या असाध्य कर्करोगाची म्हणून सोडून दिलेली एक स्त्री त्यांनी तपासली, तेव्हा ती साधी, काढता येण्याजोगी गाठ निघाली. शस्त्रक्रिया होऊन ती बरी झाली. १९५८ मध्ये त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भाची चित्रेही होती.

डोनाल्ड स्वतः हृदयविकाराचे रुग्ण होते. मोठ्या शस्त्रक्रिया सोसूनही त्यांनी काम सोडले नाही. १९ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १९८० च्या सुमारास, लंडनमधील डॉक्टर गर्भाच्या हृदयाचे चारही कप्पे पाहू लागले. आज साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी होते. सगळेच दोष दिसतात असे नाही. पण गंभीर दोष आधी कळला, तर जेथे बालहृदयाचे उपचार मिळतात अशा रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते आणि जन्मताच इलाज सुरू होतो.

दुर्दैवाने आपल्या देशात याच यंत्राने मुलींचे गर्भ हेरले गेले. म्हणून १९९४ मध्ये कायदा झाला; गर्भाचे लिंग विचारणे व सांगणे हा गुन्हा ठरला. यंत्र तेच, हेतू मात्र माणसाचा. बाळाचे हृदय पाहण्यासाठी आधी आपले हृदय जागे हवे, एवढेच आम्हाला आमच्या बालवाचकांना व पालकांना सांगावेसे वाटते.